जबाबदारी गावभर, अधिकार नावालाही नाही

बर्नआउट, म्हणजे कामापायी माणूस आतून विझून जाणं, म्हटलं की आपल्याकडे हिंजवडीतली काचेची इमारत डोळ्यांसमोर येते. रात्री अकराची मीटिंग, सकाळी आठची कॅब, गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्या लोकांचा त्रास खोटा नाही. पण या अवस्थेचं पहिलं नीट वर्णन झालं ते कुठल्या कंपनीत नव्हे, तर न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसभर आपली प्रॅक्टिस करून रात्री तिथं काम करायचे. १९७४ साली त्यांनी जो लेख लिहिला तो तिथल्या स्वयंसेवकांबद्दल होता. उत्साहानं आलेली माणसं साधारण वर्षभरात चिडचिडी, कोरडी, संशयी होतात आणि तरी काम सोडत नाहीत, उलट जास्तच वेळ थांबतात, हे त्यांनी टिपलं. असं कुणाचं होतं, या प्रश्नाचं त्यांचं उत्तरही सरळ होतं: जे मनापासून काम करतात त्यांचं.

पन्नास वर्षांत या विषयावर ढीगभर संशोधन झालं, पण ते उत्तर काही खोटं ठरलेलं नाही. भर पडली ती एका गोष्टीची. मनापासून काम करणारा माणूस कुठल्या जागी ठेवलाय, यावर तो टिकणार की विझणार हे ठरतं. ती जागा कशी असते हे बघायचं असेल तर काचेच्या इमारतीपेक्षा महाराष्ट्रातल्या एखाद्या उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेल्या आशाताईकडे बघावं. तिथं सगळं उघड दिसतं.

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून आशा, म्हणजे गावातल्या आरोग्याची कामं बघणारी बाई, आली. साधारण हजार लोकवस्तीला एक, आदिवासी आणि डोंगरी भागात वस्ती-पाड्यामागे एक. अटी अशा: बाई त्याच गावची हवी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, वय २५ ते ४५. कागदोपत्री ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. म्हणून तिला पगार नाही, मोबदला आहे, आणि तोही बहुतेक कामागणिक.

आता बर्नआउटमध्ये नेमकं काय होतं ते थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सुसान जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ साली २२ प्रश्नांची जी मोजपट्टी केली तिच्यात तीन गोष्टी मोजल्या जातात. पहिली, भावनिक दमणूक: देण्यासारखं आत काही उरलेलं नाही असं वाटणं. दुसरी, माणसांशी कोरडेपणा. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये हीच तीन अंगं धरून बर्नआउटला रोग नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हटलं. पहिलं अंग सगळ्यांना ओळखता येतं. दुसरं अंग मात्र आजूबाजूच्यांना स्वभाव वाटतो, आणि तिथंच घोटाळा होतो. कालपर्यंत ‘सुनीताची धाकटी’ म्हणणारी ताई आज ‘तो कुपोषित केस’ म्हणू लागली, दारातूनच ‘लस घेतली का? कार्ड दाखवा’ म्हणून पुढं निघाली, की लोक म्हणतात, आता शेफारली. शेफारलेली नसते. दर घरात जीव गुंतवणं परवडेनासं झालेलं असतं, म्हणून मनानं दार लोटून घेतलेलं असतं.

एक भेट जवळून बघू, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशानं सहा वेळा जायचं असतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक भेट. गेल्यावर आधी साबणानं हात धुवायचे. काटा शून्यावर आणून झोळीत बाळाचं वजन घ्यायचं. २५०० ग्रॅमच्या खाली असेल तर कमी वजनाचं बाळ. काखेत थर्मामीटर लावायचा. मग बाळ शांत असताना पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा वर आले तर पुन्हा मोजायचे, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर ती धोक्याची खूण, लगेच दवाखाना. नाळ ओली आहे का, अंगावर पुवाचे फोड आहेत का, दूध नीट ओढतंय का, आईला ताप किंवा जास्त अंगावरून जातंय का, हे बघायचं. आणि हे सगळं सासूच्या देखत. तिनं मधाचं बोट चाटवलेलं असतं आणि आपली चार पोरं तशीच वाढल्याचा दाखलाही तिच्याकडे तयार असतो. तिला न दुखावता, सुनेला तोंडघशी न पाडता, ‘फक्त अंगावरचं दूध’ हे पटवून निघायचं. अर्धा-पाऊण तास सहज जातो.

या सहा भेटींचे मिळून २५० रुपये. भेटीमागे साधारण ४२. पण मला बोचते ती रक्कम नाही, तिच्यामागची अट. २०११ च्या मूळ सूचनेप्रमाणे हे पैसे पंचेचाळीस दिवसांनंतर एकरकमी द्यायचे, आणि ते केव्हा? बाळाच्या वजनाची कार्डावर नोंद असेल, जन्मनोंदणी झाली असेल, लशी दिल्या असतील आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघंही सुखरूप असतील तर. सिझेरियन, जुळी, नवजात कक्षात दाखल असलेली बाळं यांच्यासाठी पुढं नियम सैल झाले. तरी त्या पहिल्या आखणीतली बुद्धी बघण्यासारखी आहे. शेवटची अट तिच्या हातात नाहीच. पाच वेळा जाऊन आली, खूण ओळखली, दवाखान्यात न्या म्हणून हातापाया पडली, घरच्यांनी आधी देवऋषी केला आणि बाळ गेलं, तर तिचं काम झालं की नाही झालं?

हीच ती जागा. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलं की कामाचा भार एकटा माणसाला मोडत नाही. भार जास्त आणि ते काम कसं, केव्हा, कशानं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी मोडते. सर्जन चौदा तास उभा राहतो, पण चीर कुठं द्यायची ते तो ठरवतो. आशा काय ठरवते? गरोदर बाईला कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते घरचे ठरवतात. १०८ ची गाडी केव्हा येणार ते गाडी ठरवते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला पाठवायचं ते डॉक्टर ठरवतात. सर्वे कुठला, किती दिवसांत, कुठल्या ॲपवर, ते वरून येतं. पण गावात कुणी घरी बाळंत झाली, लशीला पोरं कमी आली, मलेरियाचा रुग्ण उशिरा सापडला, की सभेत उभं करून विचारलं जातं ते तिलाच. उपकेंद्रापर्यंत नेलेल्या बाईला पुढं तीन ठिकाणी फिरवलं गेलं, तर नातेवाईक शिव्या देतात त्याही तिलाच, कारण बाकीच्यांची नावं त्यांना ठाऊक नसतात. हिचं घर ठाऊक असतं.

बर्नआउटला कोण लवकर बळी पडतं याचं माझं उत्तर एवढंच आहे: ज्याला जाब द्यावा लागतो, पण निर्णय घेता येत नाही, तो. तासांचा हिशेब त्यानंतरचा.

मोबदल्याकडे वळू. योहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञानं १९९६ साली कष्ट आणि परतावा यांतल्या तफावतीचा सिद्धान्त मांडला. परतावा म्हणजे नुसता पैसा नाही. पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती अशी तिन्ही मिळून त्याची बेरीज. आशाच्या ठरावीक मासिक मोबदल्याची २०१८ ची यादी काढून बघा. गावातल्या आरोग्य व पोषण दिवसाला हजेरी, २०० रुपये. ग्राम आरोग्य समितीची सभा, १५०. आरोग्य केंद्रातली मासिक सभा, १५०. मग पाच वेळा तीनशे: घरांची यादी अद्ययावत ठेवणं, गावाची आरोग्य नोंदवही, लसपात्र मुलांची यादी, गरोदर मातांची यादी, कुटुंबनियोजनाला पात्र जोडप्यांची यादी. बेरीज २०००. पुढे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं ती ३५०० केली. याच्या वर कामागणिक: ग्रामीण भागात गरोदरपणातल्या तपासण्यांचे ३०० आणि दवाखान्यात बाळंतपण झाल्याचे ३००, साध्या क्षयरोगाच्या रुग्णाचा औषधाचा पूर्ण कोर्स करून घेतल्याचे १०००, तीन ते पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या पाच भेटी, प्रत्येकी ५०. यादी बरीच लांब आहे.

या पद्धतीत दोन गोष्टी एकदम होतात. एक तर प्रत्येक माणूस मोबदल्याचा दावा होतो. महिनाअखेरीला फॉर्म भरताना कोणती बाई ‘धरता येईल’ आणि कोणती माहेरी गेल्यामुळे ‘गेली’, हे मोजावं लागतं. मघाशी म्हटलेला कोरडेपणा असा कागदातूनच शिकवला जातो. दुसरं म्हणजे ज्या कामाला दर नाही ते काम झालंच नाही असं ठरतं. रात्री दोनला कळा सुरू झालेल्या बाईबरोबर जीपमध्ये बसणं, सिस्टरच्या खोलीबाहेर पहाटेपर्यंत ताटकळणं, दारुड्या नवऱ्यापासून एखादीला चार दिवस लपवणं यांचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. दावा लावल्यावर पैसे येतात ते दोन-तीन महिन्यांचे एकत्र, आणि कशाचे किती हे बँकेच्या मेसेजवरून उमगत नाही. कापले असतील तर का कापले, हे विचारायला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं. रक्कम कमी असणं माणूस एक वेळ सोसतो. हिशेब न कळणं जास्त पोखरतं, कारण त्यात आपल्याला धरलंच नाही ही भावना असते.

मानाचं काय? मान भरपूर मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार दिला. कोरोनात त्यांना योद्धा म्हटलं गेलं, साड्या-श्रीफळं दिली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली तेव्हा घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत त्याच फिरल्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा. पुढं आझाद मैदानात ठिय्या झाला आणि मार्च २०२४ मध्ये राज्यानं मोबदल्यात ५००० रुपयांची वाढ मान्य केली. कौतुकाचं एक वाईट असतं. ज्याला देवी केलं त्याला दमायची सोय राहत नाही, आणि पैसे मागितले तर ‘सेवा करताय ना?’ असं ऐकवता येतं. सेवाभाव हा शब्द ज्या कामाला चिकटतो तिथं बर्नआउटची जमीन तयार असते. नर्स, अंगणवाडीताई, विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, निवासी डॉक्टर, सगळे याच रांगेत.

आता तासांकडे. आशाचं काम दिवसाला दोन-तीन तासांचं, असं मूळ आखणीत धरलं होतं. प्रत्यक्षात किती भरतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिची पाळी सुटतच नाही. कारखान्यातला माणूस भोंगा झाला की गेटबाहेर पडतो. मानसशास्त्रज्ञ सबीने सोनेनटाग यांचं बरंचसं संशोधन या एका गोष्टीभोवती आहे, की थकवा भरून येतो तो नुसत्या झोपेनं नाही, काम मनातून उतरल्यानं. नळावर, लग्नात, किराणाच्या दुकानात जिला कुणीतरी हटकून ‘ताई, माझे प्रसूतीचे पैसे अजून आले नाहीत’ म्हणतं, तिच्या मनातून काम उतरणार कधी? त्याच गावची असणं ही तिच्या निवडीची अट. तीच अट तिची सुट्टी खाते. त्यात मोबाइल आला. व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री साडेनऊला ‘उद्या सकाळी १० पर्यंत माहिती पाठवा, अति तातडीचे’ असा निरोप पडतो. माहिती तीच असते, जी वहीत आहे, मागच्या आठवड्यात एक्सेलसाठी दिली आहे आणि ॲपवरही भरली आहे. मग घरचा स्वयंपाक, खुरपणीची मजुरी, सासऱ्याचं औषध.

स्वभावाचा भाग नाहीच का? आहे. सीग्रिस्ट यांनीही तो वेगळा मोजला: काम डोक्यातून न जाणं, नाही म्हणता न येणं, दुसऱ्याच्या पसंतीवर स्वतःची किंमत ठरवणं. अशी माणसं लवकर पोळतात. वयाचाही संबंध दिसतो. बहुतेक अभ्यासांत तरुण, कामात नवे असलेले लोक जास्त पोळलेले आढळतात. पण यात एक मेख आहे. जे मोडले ते सोडून गेलेले असतात, म्हणून जुन्यांत टिकाऊच तेवढे उरलेले दिसतात. आशाच्या बाबतीत सोडणंही सोपं नसतं. विधवा किंवा टाकलेल्या बाईसाठी ही गावातली एकुलती एक जागा असते जिथं तिला नावानं ओळखतात. जिला जायला दुसरीकडे वाट नाही ती सगळ्यांत जास्त सोसते आणि सगळ्यांत कमी तक्रार करते. बरं, गाव आशा निवडतं तेव्हा कुणाला निवडतं? हाकेला धावणारीला. म्हणजे नाही न म्हणणारीच निवडायची, आणि ती मोडली की नाही म्हणायला शिकायला हवं होतं असं सांगायचं.

लक्षणं ओळखताना मात्र एक काळजी घ्यावी. ग्रामीण बाईचा प्रत्येक थकवा बर्नआउट नसतो. आधी हिमोग्लोबिन बघावं; १२ च्या खाली असेल तर पंडुरोग, आणि दिवसभर लोहाच्या गोळ्या वाटणारीनं स्वतः घेतलेल्या नसतात हे नेहमीचं. थायरॉइड आणि बी-१२ तपासावं. मग बघावं, कामातून बाहेर असताना काय होतं. चार दिवस माहेरी जाऊन हसू परतलं आणि सभेची तारीख जवळ आली की पोटात गोळा आला, तर गाठ कामाशी आहे. माहेरीही काही गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, दोन आठवडे रोज असंच जातंय, जगून काय करायचं असं मनात येतं, तर ते नैराश्य आहे. त्यावर उपचार लागतात. वाट बघू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दोन्ही एकत्रही असू शकतं.

उपाय म्हणून सहसा काय होतं? मासिक सभेत तणावमुक्तीवर तासाभराचं व्याख्यान, अनुलोम-विलोम आणि चहा-बिस्कीट. प्राणायाम वाईट नाही. पण ते सांगायला जो तास घेतला त्यानं शेवटची एसटी चुकते. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला, त्यात माणसाला बदलायचे उपाय कमी पडले आणि कामाची मांडणी बदलणारे उपाय त्याहून बरे ठरले.

मांडणी बदलायला मुंबईहून शासन निर्णय येईपर्यंत थांबावं लागतं असंही नाही. साधारण वीस आशांमागे त्यांचं काम बघणारी एक गटप्रवर्तक असते, आणि आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी मनात आणेल तर काही गोष्टी येत्या सभेपासून होतात. पहिली, रात्री आठनंतर फोन फक्त तीन कारणांसाठी: कळा, रक्तस्राव, आजारी नवजात. माहितीचे निरोप सकाळी, आणि निदान दोन दिवसांची मुदत देऊन. दुसरी, शेजारच्या दोन गावांच्या आशांची जोडी लावायची. एक आजारी किंवा बाहेरगावी असेल तर दुसरी तिच्या नवजात भेटी करेल, आणि त्या भेटींचे पैसे जिनं केल्या तिलाच, हे आधीच लिहून ठेवायचं. नाहीतर जोडी दुसऱ्या महिन्यात भांडणात मोडते. तिसरी, दाव्याच्या फॉर्मची एक प्रत तिच्याकडे परत, प्रत्येक ओळीसमोर मंजूर किंवा नामंजूर आणि कारण. याला एक रुपया खर्च नाही. चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची. गावात आई किंवा बाळ दगावलं तर आठवड्याच्या आत अधिकाऱ्यानं किंवा सिस्टरनं तिच्याबरोबर बसायचं. सध्या अशा वेळी तिच्याकडे येतो तो चौकशीचा फॉर्म. बाईच्या मृत्यूची खबर चोवीस तासांत कळवल्याचे २०० रुपये आहेत, पण तिनं ते प्रेत उचलताना पाहिलं याबद्दल तिच्याशी कुणी बोलायची तरतूद नाही. बसल्यावर तीन प्रश्न पुरतात: काय झालं, तुझ्या हातात काय होतं, काय नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून, गाडी उशिरा आली, रक्त मिळालं नाही, असं नेमकं लिहून वर पाठवायचं. त्या कागदाखाली सही त्याची हवी, तिची नको.